घामपट्टी

"अहो, पण माझी कशाला?" न्हाणीघराच्या दाराआडून बायकोचा आवाज आला.

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"शेजाऱ्यांना काय करायचंय? त्यांची मागितलीत का?"

झारी दाराला पाठ टेकून उभा होता. बाटली आत गेली होती, बाटलीचं पांढरं झाकण त्याच्या मुठीत होतं आणि सकाळच्या गारव्यातही त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. लग्न झाल्यापासून त्याने बायकोकडे पुष्कळ गोष्टी मागितल्या होत्या. चहा, रुमाल, माफी, पुन्हा चहा. ही मागणी मात्र नवी होती.

"काल ताईकडे मासे खाल्ले ना मी," तो दाराच्या फटीत तोंड घालून म्हणाला.

"मग? मासे खाणं गुन्हा आहे का?"

"तपासणीच्या आधी आहे."

"हे तुम्हाला तुकडी तोंडात घालायच्या आधी नाही आठवलं? दुसऱ्यांना तर सांगत फिरता, जिभेला लगाम घाला म्हणून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!"

पुढचं 'स्वतः कोरडे पाषाण' तिने बोलून दाखवलं नाही, पण ते दारातून बाहेर आलंच. खरं म्हणजे पहिली तुकडी तोंडात गेल्यावर झारीला आठवलं होतं. आठवूनही त्याने आणखी दोन मागून घेतल्या होत्या. मोठ्या बहिणीने समोर बसून वाढलेलं ताट नको म्हणायची ताकद त्याच्यात लहानपणापासून नव्हती.

"आणि माझी चालेल म्हणता?"

"तू मासे खात नाहीस. तुला तर वासानेच मळमळतं. तुझ्यापेक्षा स्वच्छ या घरात दुसरं काय आहे?"

आतून नळाचा आवाज आला आणि दार किलकिलं झालं. बायकोने बाटली बाहेर सरकवली. तिला हसू आवरत नव्हतं.

"घ्या. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कशाचीतरी तपासणी होतेय."

झारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव ज्यांना माहीत होतं त्यांनीही ते वापरायचं सोडून दिलं होतं. तो ज्या कारखान्यात काम करी, तिथे दुसऱ्या कारखान्यांचा कचरा येई. मोबाइलमधल्या, दिव्यांमधल्या चिपा ज्या पातळ चकत्यांवर तयार होतात, त्या चकत्यांचे फुटके तुकडे आणि चकत्या कापताना, घासताना तळाशी साचणारा राखाडी गाळ. त्या गाळात गॅलियम नावाचा धातू असतो. तो सहजासहजी कुठे मिळत नाही, आणि मिळाला तरी मोठा लहरी; तळहातावर ठेवला तर लोण्यासारखा वितळून जातो. अडचण अशी की तो एकटा येत नाही. त्याला आर्सेनिकने, म्हणजे आपल्या जुन्या सोमलाने, घट्ट मिठी मारलेली असते. या दोघांची फारकत घडवून आणायची, गॅलियम परत चिपांच्या कारखान्याला पाठवायचा आणि सोमलाला दगडासारखा घट्ट करून कायमचा गाडायचा, हा तिथला धंदा.

गाळाची पिंपं येईपर्यंत आतला गाळ वाळून त्याची ढेकळं झालेली असत. ती फोडल्याशिवाय पुढे टाकीत घालता येत नसत, आणि फोडताना धूळ उडाली तर ती फुफ्फुसात गेलीच म्हणून समजा. म्हणून झाकण काढल्याबरोबर आधी पाण्याचा बारीक फवारा मारायचा, ढेकळं भिजवायची, मगच हात घालायचा. हे काम झारीचं. जिथे माल कोरडा येतो ती कोरडी खोली, आणि तिथे दिवसभर पाणी शिंपडतो तो झारी, असं साधं गणित होतं. त्याच्याबरोबर काम करणारा एकजण सूर्य उगवतो की नाही यावरही वाद घाली, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. खोलीत कुणी नवा साहेब आला की वकील ओळख करून देई, "हे आमचे झारी. आणि झारीतले शुक्राचार्य पण हेच. माल पुरता भिजल्याशिवाय कुणाला पुढे सरकू देत नाहीत."

झारीला ही थट्टा मनातून आवडे. आपण काटेकोर आहोत याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. खोलीत जाताना घरचे कपडे एका बाजूला, कारखान्याचे दुसऱ्या बाजूला. तोंडावर रबरी मास्क. बाहेर येताना डोक्यावरून अंघोळ. खोलीतली चिंधीसुद्धा त्याने कधी घरी आणली नव्हती.

दर महिन्याला खोलीतल्या माणसांची लघवी तपासत. अंगात सोमल गेला तर तो तिथूनच बाहेर पडतो. आता गंमत अशी की माशांतही आर्सेनिक असतो. तो बिनविषारी जातीचा, पण यंत्र आधी सरसकट सगळा मोजतं आणि आकडा फुगतो. म्हणून तपासणीआधी तीन दिवस मासे बंद. कुणी खाल्लेच तर त्याने तसं सांगायचं, मग तपासणी पुढे जाई आणि तोवर त्याला खोलीत पाय टाकता येत नसे. शिक्षा अशी काही नव्हती. पण आजवर इतरांना खडसावणाऱ्या झारीने दवाखान्याच्या खिडकीशी जाऊन 'मीच खाल्ले' म्हणायचं? वकिलाने वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं असतं त्याला. त्यापेक्षा बायकोची बाटली बरी, एवढाच त्याने विचार केला. बाटली रुमालात गुंडाळून नेली, खिडकीत ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत विसरूनही गेला.

काही दिवसांनी कारखान्याच्या दवाखान्यातून बोलावणं आलं.

"झारीकाका, बसा जरा," सिस्टर म्हणाली. तिचं हे 'बसा जरा' झारीला आवडलं नाही. चांगली बातमी ती उभ्याउभ्याच देई.

"काय झालं?"

"तुमचा आकडा वर आलाय. बराच वर. मासे खाल्ले होते का?"

"नाही," झारी म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण खोटं बोललो, पण बाटलीच्या बाजूने बघितलं तर ते खरंच आहे. त्याचं डोकं इथूनच जे गरगरायला लागलं ते पुढे थांबलंच नाही.

"आठवून सांगा. कोळंबी वगैरे?"

"अहो, तिला वासानेच मळमळतं," तो बोलून गेला.

"कुणाला?"

"मला. मला म्हणतोय मी."

सिस्टरने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर म्हणाले, "मी तोच नमुना दुसरीकडे पाठवला होता. तिथे दोन्ही जाती वेगळ्या करून मोजतात. हा माशांतला नाही, झारी. हा आपल्याच खोलीतला आहे. तुम्ही आजपासून खोलीबाहेर, आणि खोलीला कुलूप."

झारी मान हलवत बाहेर आला. जिन्याच्या पायऱ्या उतरताना त्याला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. मग आठवलं की अदलाबदल तर झालीच होती, ती आपणच केली होती. अदलाबदलीची पुन्हा अदलाबदल झाली असेल का? वकिलाची बाटली तर नसेल? पण बाटलीवर चिठ्ठी त्याने स्वतःच्या हाताने चिकटवली होती. म्हणजे ती बायकोचीच. बायको कधी कारखान्याच्या फाटकापर्यंतसुद्धा आलेली नव्हती. ज्या बाईने चकत्या पाहिल्या नाहीत, गाळ पाहिला नाही, तिच्या पोटात कोरड्या खोलीतला सोमल जाईल कसा? उंदीर बिळात आणि शेपूट बाजारात, असलं काहीतरी झालं होतं.

संध्याकाळी तो जेवायला बसला आणि पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, "खरं सांग. ताईकडे तू मासा खाल्लास का?"

बायकोने वाढता वाढता हात थांबवला. "मी?"

"चव बघितली असशील. चुकून. रस्सा लागला असेल भाताला."

"डोकं ठिकाणावर आहे ना? मी तिथे आमटीभात खाल्ला. तुम्ही तीन तुकड्या खाल्ल्या. मी मोजत होते."

"रागावू नकोस. विचारलं आपलं."

"काय निघालं माझ्या बाटलीत?"

"काही नाही," झारी म्हणाला, आणि भाताचं शीत न् शीत निवडत बसला. डॉक्टरांनी दोन जाती वेगळ्या केल्या होत्या हे त्याला माहीत होतं, माशांचा प्रश्नच उरला नव्हता. तरी तो विचारून बसला होता. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय.

पुढच्या दिवसांत घरात जे चाललं त्याला बायकोच्या भाषेत एकच शब्द होता, थेर. झारीने पिठाचा डबा हुंगला. पिण्याचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाला धरलं आणि बराच वेळ बघत राहिला, जणू सोमल त्याला हात करून दाखवणार होता. बायको गुडघ्यांसाठी कुणीतरी दिलेली तपकिरी पूड मधातून चाटे. त्या पुडीवर त्याचा पक्का संशय बसला. बायको झोपलेली बघून त्याने पुडीची बाटली उचलली आणि कचऱ्यात नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी बायको सगळी फडताळं धुंडाळत होती.

"मीच टाकली," तो म्हणाला.

"का?"

"मला त्या पुडीचं लक्षण ठीक दिसत नव्हतं."

"मला तुमचं दिसत नाहीये," ती म्हणाली. "गुडघे माझे दुखतात. पूड माझी. तुम्ही काय शोधताय घरभर, ते तरी सांगाल का?"

पण काय शोधतोय हे झारीला तरी कुठे ठाऊक होतं. ठाऊक असतं तर सापडलं असतं.

तिकडे कारखान्यात शोधच चालला होता, पण खोलीत. वकील आणि आणखी दोघे मास्क लावून, हातात धुराची नळी घेऊन, खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात रांगत होते. हवा ओढून घेणाऱ्या झोताला कुठे गळती असेल तर धूर तिथे भलतीकडे वळतो. धूर कुठेच वळला नाही. निमूटपणे हवा ओढणाऱ्या जाळीत गेला. भिंती पुसून बघितल्या, जाळ्या उघडून बघितल्या. काही नाही.

"मला तर वाटतं झारी, तुझं अंगच सोमल तयार करायला लागलंय," वकील जेवणाच्या सुट्टीत म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू घाबरू नकोस. सापडेल. माझ्याकडून काही राहिलं असेल तर मी तुझा गुन्हेगार." त्याने स्वतःच्या डब्यातला मोठा वाटा झारीच्या पुढे सरकवला. गेल्या कित्येक वर्षांत वकिलाने वाद न घालता दिलेली ही पहिलीच वस्तू होती. झारीला ती गिळवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

मग फेरतपासणी आली. या वेळी झारीने स्वतःचीच बाटली दिली. मासे खाऊन आता पुष्कळ दिवस झाले होते. आकडा आला, अगदी खाली, तळाला.

डॉक्टर खूश झाले. "बघा, शरीर कसं असतं! बाहेर काढलं की चार दिवसांत धुऊन टाकतं सगळं. खोलीतही काही सापडलं नाही. एखाद्या दिवशी मास्क नीट बसला नसेल, दुसरं काही नाही. सोमवारपासून चला कामाला."

सिस्टर उभ्याउभ्याच हसली. वकिलाने पाठीवर थाप मारली. "शुक्राचार्य परत झारीत!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले. झारीही हसला. हसता हसता त्याला रडू येतंय की काय असं वाटलं, म्हणून तो घाईघाईने हात धुवायला गेला. प्रकरण मिटलं होतं. आता त्याला जन्मात कुणी काही विचारणार नव्हतं. फक्त जो आकडा वर आला होता तो खाली आलाच नव्हता. तो घरी होता, ओट्याशी उभा राहून भाजी चिरत होता.

त्या दुपारी तो लवकर घरी आला. बायको खिडकीशी उजेडात बसली होती. मांडीवर जुन्या सुती चादरीचा तुकडा, बाजूला शिवणाचा डबा.

"फोनवर म्हणालात ना सोमवारपासून परत खोलीत?" ती वर न बघता म्हणाली. "म्हटलं नव्या दोन करून ठेवते. जुन्या पार उसवल्यात."

या पट्ट्यांची गोष्ट अशी की मास्कचा रबरी पट्टा डोक्याच्या मागे, केसांखाली, रुतत असे. घामाने ती जागा हुळहुळी होई, मग तिथे फोड येत. कारखान्याने पट्टे बदलून पाहिले, मलम दिलं. शेवटी बायकोनेच जुनी चादर फाडून, दुहेरी घडी घालून मऊ पट्टी शिवून दिली. रबराखाली ती ठेवली की दिवस सुखाचा जाई. घामाने भिजलेली पट्टी तो संध्याकाळी डब्याच्या पिशवीत टाकून घरी आणी आणि बायको ती धुई. कारखान्याचं ते कारखान्यात ठेवायचं, हा नियम त्याने कधी मोडला नाही. त्याच्या मनात उलट असं होतं की पट्टी कारखान्याची नाही, आपल्या घरची आहे, तिला कारखान्याच्या धुलाईत टाकणं बरं नव्हे. उगाच आपलं धुणं दुसऱ्याच्या पाण्यात कशाला? इतका सरळ माणूस तो. आणि पट्टीकडे कपडा म्हणून कुणी बघितलंच नाही, मास्कखाली ती दिसतच नसे.

बायकोने एक जुनी पट्टी उचलली. ती वाळून कडक झाली होती. तिने ती आधी दोन्ही हातांत चोळली, मग खिडकीबाहेर नाही, तिथल्या तिथेच, मांडीवर आपटून झटकली.

"हे काय करतेस?"

"नेहमीच करते. घामाचा खार सुटतो ना, आधी झटकलं की धुवायला सोपं जातं." तिने शिवणीतला धागा ओढला, पट्टी तोंडाशी नेली आणि दाताने धागा तोडला. तुकडा ओठावर चिकटला. तिने तो जिभेने पुढे आणून थुंकला.

हे दृश्य झारीने किती वेळा पाहिलं असेल याला गणती नव्हती. चहा पिताना, पेपर वाचताना, कुणाशी बोलताना. आज तो उभा राहून बघत होता आणि तरी पटकन त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं सुईला गंज असेल. मग वाटलं दोऱ्याचा रंग. सुई, दोरा, चादर असं करत करत तो पट्टीवर येऊन थांबला.

"टाक ती."

"हात रिकामा होऊ द्या."

"टाक म्हणतो ना!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की पट्टी तिच्या हातातून गळून पडली.

मग त्याने सगळं सांगितलं. उलटसुलट सांगितलं, आधी धूर, मग पुडी, मग डॉक्टरांच्या दोन जाती, आणि बाटली सगळ्यात शेवटी. ती ऐकत होती. भीती वाटण्याआधी तिच्या तोंडावर दुसरंच काहीतरी आलं.

"म्हणजे माझ्या पट्ट्या वाईट होत्या?"

"पट्ट्या नाहीत गं. पट्टीवर जे बसून येत होतं ते."

"मी म्हणायचे, मला काही तुमचं ते गॅलियम का फॅलियम कळत नाही, पण माझी पट्टी तरी आत जाते." ती बोटांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "सांगितलंत तर काढून टाकतील का तुम्हाला?"

"खोलीतून तर काढतीलच. खोटी बाटली दिली. कारखान्यातूनही काढतील कदाचित. मला काहीच कळेनासं झालंय."

"मग नका सांगू. त्यात काय कळायचंय? आजपासून मी पट्टी शिवत नाही, संपलं. तुम्हीच म्हणालात ना आत्ता, चार दिवसांत धुऊन जातं म्हणून?"

झारीला ते इतकं पटलं की त्याच्या छातीवरचा दगड उतरला. खरंच की. गळती सापडली होती. गळती बंद झाली होती. आता कशाला कुणाला तोंड दाखवायचं? तो तिच्याशेजारी खाली बसला. ती बोलता बोलता उजवं पाऊल जवळ ओढून तळवा चोळत होती, रोज चोळायची तसाच.

"काय होतंय?"

"काही नाही. मुंग्या. रात्रंदिवस असतात त्या."

"कधीपासून?"

"कुणाला आठवतंय? वय झालं की येतात. गुडघे, मुंग्या, एकामागून एक." तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा हात हळूहळू थांबला. "का हो? त्या सोमलाच्या असतात का या?"

"माहीत नाही," झारी म्हणाला. आणि या सगळ्या भानगडीत त्याने बोललेलं हे पहिलं पूर्ण खरं वाक्य होतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. चार दिवसांत धुऊन जातं ते काय, आणि वर्षानुवर्षं राहतं ते काय? हे ज्यांना माहीत होतं ते दवाखान्यात बसत होते, आणि त्यांना विचारायचं तर आधी बाटलीचं सांगावं लागत होतं. त्याने तिचं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं. तिने संकोचून ओढायला पाहिलं, पण त्याने सोडलं नाही.

सोमवारी सकाळी दोघं बरोबर निघाली. घरात सापडतील तितक्या पट्ट्या आणि शिवणाचा डबा त्याने ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून घेतला होता. डबा तिच्या आईचा होता. तो परत मिळेल का, हे तिने वाटेत दोनदा विचारलं. दुसऱ्या वेळी त्याने नाही म्हणून सांगितलं.

दवाखान्यात त्याने उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. डॉक्टरांनी मधेच हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही? झारी, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी समजलो असतो. तुम्ही?"

साहेबांना बोलावणं गेलं. साहेब आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले की कोरड्या खोलीत आता परत नाही, बाकीचं काय करायचं ते नंतर बघू. वकील दारातच उभा होता. गेले कित्येक दिवस हा माणूस खोलीत रांगत होता. त्याने ती प्लास्टिकची पिशवी हातमोजे घालून झारीच्या हातातून काढून घेतली.

डॉक्टरांनी बायकोला खुर्चीत बसवून तिचे तळहात उजेडात धरून बघितले. तळव्यांना टाचणी टोचून विचारलं, कळतंय का, इथे कळतंय का. एकदोन ठिकाणी तिला कळलं नाही. बरं होईल का, असं झारीने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आधी मोजू. मग बोलू." आवाजात आता राग नव्हता, आणि त्यामुळेच झारीला जास्त भीती वाटली.

तपासणीचाच दिवस होता. बाहेरच्या बोळात खोलीतली माणसं रांगेने उभी होती, प्रत्येकाच्या हातात पांढऱ्या झाकणाची बाटली. सिस्टरने खिडकीतून एक नवी बाटली काढली, तिच्यावर चिकटवायची चिठ्ठी पुढ्यात घेतली.

"काकू, तीन दिवसांत मासे?"

"मी मासे खात नाही."

"काम कुठल्या खोलीत?" सिस्टर सवयीने विचारून गेली आणि मग तिचं तिलाच ओशाळं वाटलं. "म्हणजे, तुम्ही घरीच ना?"

बायको हो म्हणणार होती. तिने मान हलवायला सुरुवातही केली होती.

"कोरड्या खोलीत," झारी म्हणाला.

सिस्टरने वर पाहिलं.

"माझ्याइतकीच वर्षं झाली तिला," तो म्हणाला. "कोरडी खोली लिहा."

सिस्टरने लिहिलं. बायकोने बाटली घेतली. रांगेतल्या माणसांनी तिला बघून अंग चोरलं, वकिलाने पुढे होऊन वाट करून दिली. "जा, वहिनी. तुम्ही आधी जा."

"नको," ती म्हणाली. "माझा नंबर आला की जाईन."

आणि ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.